गाडी काढायची आहे

आमच्या सोसायटीत माझं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर लोक सांगतात, "त्या मॅटाडोरच्या वरची खिडकी." अंबरनाथच्या शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं. निम्म्या गावाला ऱ्हस्व-दीर्घ कळतं ते माझ्या छड्यांमुळे. तरी माझ्या घराची खूण म्हणून उरली ती उबाळ्यांची खटारा गाडी. मला ह्याचा राग यायचा आणि तो मी लपवत नव्हते.

शंकरराव उबाळे आमच्या खाली, तळमजल्यावर राहतात. मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते फिटर होते. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा, आणि शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे ह्यांचा पाना. लग्नालासुद्धा पाना घेऊन जातात. एकदा आमच्या पुतणीच्या लग्नात त्यांच्या पंगतीवरचा पंखा करकरत होता. बाकीचे मुकाट्याने जेवत होते. शंकररावांनी हॉलवाल्याकडे स्टूल मागितलं. जिलबी येईपर्यंत पंखा करकरायचा थांबला, कारण तो फिरायचाच थांबला. करकरणारी कुठलीही वस्तू त्यांना बघवत नाही आणि त्यांचा हात लागला की करकर कायमची मिटते.

"काही नाही टीचर," घाम पुसत ते मला म्हणाले, "थोडंसं काम आहे."

हे त्यांचं पालुपद. मी 'थोडंसं'चा अर्थ शब्दकोशात बघितलेला आहे. उबाळ्यांच्या घरात तो वेगळा आहे.

कंपनी बंद पडली तेव्हा तिथलं सामान लिलावात निघालं. एका संध्याकाळी शंकरराव जिन्यातूनच ओरडले, "टीचर, गाडी काढली!" आता आपल्याकडे कुणी गाडी काढली म्हटलं, की ती शोरूममधून येते, तिच्या सीटवर प्लॅस्टिक असतं आणि पेढे वाटले जातात. त्यांच्या मंडळींनी, गयाबाईंनी, हार आणून ठेवला. मी चांगली साडी नेसून खाली उतरले. आधी कोपऱ्यावरून एक टेंपो आला. मग दोर आला. आणि बऱ्याच वेळाने त्या दोराच्या टोकाला, एक डोळा फुटलेली, कंपनीतल्या माणसांची ने-आण करून दमलेली मॅटाडोर आली.

"काढली म्हणजे कुठून काढली?" मी विचारलं. "विहिरीतून?"

"थोडंसं काम आहे टीचर. पण हिचं मी घर करणार. चाकावरचं घर! आत झोपायचं, आत रांधायचं, वाटेल तिथं जायचं."

आणि त्यांनी ते केलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. उल्हासनगरच्या बाजारातून फोम आणला, प्लायवूड आणलं, दोन बाकं बनवली. एक त्यांच्या उंचीचं, एक गयाबाईंच्या. स्टीलच्या परातीला भोक पाडून बेसिन केलं. टपावर पाण्याची टाकी चढवली. छोटी शेगडी बसवली, कपांना अडकवायला आकडे लावले. गयाबाईंनी खिडक्यांना निळे पडदे शिवले. स्टिअरिंगसमोर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो. विम्याचा हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही. आतून ती गाडी इतकी देखणी झाली, की आमच्याकडे आलेले पाहुणे आधी ती बघायला जायचे आणि मग माझ्याकडे चहाला यायचे. तिच्यात एकच उणीव होती. ती चालत नव्हती.

आता गयाबाईंचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

गयाबाई एका दवाखान्यात आया होत्या. ठेंगण्या, शांत, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणाऱ्या. आमच्या सोसायटीत हा गुण दुसऱ्या कुणात नाही, माझ्यातही नाही. छप्पन साली त्यांची आई नागपूरला दीक्षेला गेली होती. बरीचशी वाट पायी, पदरात बांधलेल्या भाकरीवर. पुढे मुलगी झाली तेव्हा तिने ठरवून नाव ठेवलं गया, बुद्धगयेवरून. म्हणाली, मला काही तिथवर जाणं होत नाही, ही जाईल. लग्न झाल्यावर शंकररावांनी शब्द दिला, की गयाला गयेला नेणार. आणि गाडी आली तेव्हा त्या शब्दाला चाकं लागली. नेणार ते ह्याच गाडीतून.

तेव्हापासून उबाळ्यांच्या दाराआड एक निळी बॅग भरलेली असायची. दोन लुगडी, स्वेटर, औषधं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. चटणी खवट व्हायच्या आत गयाबाई ती बदलायच्या. दर रविवारी शंकरराव म्हणायचे, "गया, चल, गाडी काढतो." गयाबाई चपला घालून, बॅग घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. गाडी खर्र खर्र करायची, थरथरायची, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा धूर सोडायची आणि मग एक उसासा टाकून गप्प व्हायची. "थोडंसं काम आहे," खालून आवाज यायचा. गयाबाई उतरायच्या, बॅग दाराआड ठेवायच्या आणि चहा टाकायच्या. घरातून गाडीत आणि गाडीतून घरात, एवढ्याच प्रवासात त्या बॅगेचे बंद झिजले.

मी एकदा चिडून विचारलं, "गयाबाई, तुम्हाला राग कसा येत नाही? रेल्वे आहे ना! तिकीट काढा आणि जा."

"रेल्वेनं काय टीचर, कधीपण जाता येईल," त्या म्हणाल्या. "पण मी रेल्वेनं जाऊन आले, तर मग ह्यांनी गाडी कुणासाठी करायची?"

मी उगाचच धुराबद्दल तक्रार करून वर आले.

मग आमची सोसायटी पाडून नवीन बांधायचं ठरलं. सगळ्यांनी भाड्याची घरं शोधली. उबाळ्यांनी बदलापूरला मुलीकडे, संध्याकडे जायचं ठरवलं. तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन माणसांची सोय होती, मॅटाडोरची नव्हती. बिल्डरच्या माणसाने बजावलं, की गल्लीत जे राहील ते भंगारात जाईल. 'भंगार' हा शब्द ऐकून शंकरराव जागच्या जागी खाली बसले. दोन दिवस त्यांनी पाना खिशातून काढला नाही. तिसऱ्या दिवशी एक पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा डबा घेऊन ते माझ्या दारात उभे.

"टीचर, एक बोर्ड लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी लिहायला घेतलं. "'विकणे आहे' असलं भिकार मराठी मी लिहिणार नाही. 'गाडी विकायची आहे' लिहिते."

"विकायची नको हो." त्यांचा चेहरा कडू झाला. "कसंतरी वाटतं. आपल्या हातानं केलेली वस्तू. 'काढायची' लिहा."

"शंकरराव, काढायची म्हटलं तर लोकांनी काय समजायचं? नवी गाडी काढली म्हणजे घेतली. जुनी काढली म्हणजे विकली. सकाळी गाडी काढली म्हणजे बाहेर नेली. आणि वाटेत आडवी असली तर 'ए, गाडी काढ' म्हणजे हटव. एका शब्दात चार गाड्या!"

"समजणाऱ्याला समजतं टीचर."

"निदान फोन नंबर तरी लिहू?"

"कशाला? मी हितंच असतो ना."

मी हात टेकले. सुरेख, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'गाडी काढायची आहे.' आणि त्यांच्या आग्रहाने खाली बारीक: 'थोडे काम आहे.' बोर्ड काचेच्या आत लागला. गयाबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी तो सावकाश वाचला.

"काढायची म्हणजे हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

शंकरराव पान्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे... काढायची."

"बरं," म्हणून गयाबाई आत गेल्या. थोड्या वेळाने बघते तर त्यांनी बॅगेतला स्वेटर दोरीवर उन्हात घातला होता.

ह्या बाईला वाटतंय, आपण निघणार. आणि ह्या गृहस्थाला खरं सांगायची छाती नाही. मी त्यांना बाजूला घेऊन चांगलं झापलं. "सांगतो टीचर, सांगतो," ते म्हणाले, "आधी गिऱ्हाईक तर येऊ दे."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते उल्हासनगर कॅम्प एकचे मुरलीशेठ. त्यांचं सोफ्यांचं दुकान, शंकररावांनी फोम त्यांच्याकडूनच नेला होता. शेठनी गाडीला एक फेरी मारली, परातीचं बेसिन वाजवून बघितलं, बाकावर बसून दोनदा उड्या मारल्या.

"साईं, फोम तो अपना है," ते खूष होऊन म्हणाले. "लेता हूँ. बेटे को चायनीजची गाडी टाकायची आहे. स्टेशनके बाहर खडी करेगा. किचन रेडी है, टंकी रेडी है. बस, इंजिन निकाल देंगे, उधर फ्रिज आएगा."

"इंजिन काढणार?" शंकरराव किंचाळलेच.

"चलताच कुठे साईं? फालतू बोजा है."

"शेठ, ही गाडी आहे. उभी करून ठेवायला नाही केली मी. चालायला केलीय. एका जागेवर खिळवून मंचुरियन तळायचं हिच्यात? नाही देणार."

हे ते बोलत होते तेव्हा गाडीच्या चारी चाकांना विटा लावलेल्या होत्या आणि खाली मांजरीने संसार थाटला होता. शेठ म्हणाले, "मांजर पण कंटाळेल साईं," आणि गयाबाईंनी दिलेला चहा पिऊन गेले.

त्यानंतर आले अवधूत आणि राजसी. बदलापूरचं नवं जोडपं, दोघंही घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी. राजसी आत शिरली आणि बाहेर यायलाच तयार नाही. "अवधूत, कपांचे हुक्स बघ ना! कसले क्यूट आहेत यार!"

"काका, एकदम व्हिंटेज आहे," अवधूत म्हणाला.

"नाही नाही, जुनी आहे," शंकररावांनी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली. मग ते एकेक दोष सांगायला लागले. सेल्फ-स्टार्टर उचलत नाही. डिझेलचा पंप हवा घेतो. ब्रेक आहेत, पण दाबावे लागतात जास्त. तिसरा गिअर मनात असेल तेव्हाच पडतो. डाव्या बाजूचं दार आतून उघडत नाही, उजव्या बाजूचं बाहेरून. एवढं तर मुलीचं लग्न मोडायला आलेली माणसंही सांगत नाहीत. पण अवधूतला त्याचंच कौतुक वाटलं.

"आम्ही चालवणार काका. कोकण, गोवा, हंपी, सगळीकडे. फक्त एकदा ट्रायल द्या. रविवारी येऊ?"

"या," शंकरराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकले आणि लगेच विझले, हे मी वरून बघितलं. चालवणारी माणसं भेटली होती, म्हणजे आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते सेल्फ आणायला उल्हासनगरला गेले. जाताना घाईत म्हणाले, "गया, आज गाडी काढतो. नक्की." ट्रायलसाठी, हे सांगायचं पुन्हा राहिलं. चाकांच्या विटा मात्र त्यांनी जाण्याआधी काढून ठेवल्या. गयाबाईंनी मांजरीची पिल्लं जिन्याखाली हलवली, बॅग घेतली, चटणीचा ताजा डबा, चार भाकरी घेतल्या आणि त्या मागच्या बाकावर पडदे ओढून जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने गल्लीत टोइंगची गाडी आली. सोसायटी पाडायला मोठे ट्रक यायचे म्हणून रस्ता मोकळा करायचं काम कुठल्याशा ठेकेदाराला मिळालं होतं. दोन पोरगेलीशी माणसं उतरली. एकाने काचेतला बोर्ड मोठ्याने वाचला.

"गाडी काढायची आहे. ए, बघ ना, पार्टीने खुद बोर्ड लावलाय. काढ."

"थोडे काम आहे," दुसऱ्याने खालची ओळ वाचली. "थोडं कशाला, पाच मिनिटाचं काम आहे."

मी खिडकीतून ओरडले, "अहो थांबा! ती हटवायची नाहीये, विकायची आहे!"

"आंटी, समोर लिहिलंय ना!"

"मीच लिहिलंय ते!"

"मग तर परमिशनच झाली," तो म्हणाला आणि त्याने हूक अडकवला.

पुढची चाकं वर उचलली गेली. मॅटाडोर एकदा करकरली आणि चालायला लागली. मी "आत माणूस आहे!" म्हणून घसा फोडत होते, पण टोइंगच्या इंजिनापुढे माझा आवाज पोचेना. वर्गातली साठ पोरं ज्या आवाजाला टरकायची तो आवाज! इतक्यात मागच्या खिडकीचा निळा पडदा सरकला. गयाबाईंनी बाहेर डोकं काढलं, वर बघितलं आणि हात हलवला.

"टीचर, निघालो बरं का!"

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी ओरडायचं सोडलं. मीसुद्धा हात हलवला. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर मग माझ्या लक्षात आलं, की लोक एका बाईला पळवून नेत असताना आपण टाटा केला.

मी चपला शोधत खाली धावले, तर समोरून रिक्षातून शंकरराव, मांडीवर कापडात गुंडाळलेला सेल्फ. मी त्यांना उतरू दिलं नाही, मीच आत चढले. "गाडी नेली. गयाबाई आत आहेत." शंकरराव पांढरेफटक पडले. पानवाल्याला विचार, भाजीवालीला विचार, असं करत आम्ही बदलापूर रोडला लागलो. मॅटाडोर सगळ्यांनी बघितली होती. भाजीवाली म्हणाली, "हां, ती ना? आत एक बाई होती. मला नमस्कार केला तिनं."

वाटेत शंकरराव एकदाच बोलले. "टीचर, ती घाबरली असेल हो. तिला वाटलं असेल मी चालवतोय." आणि डोळे पुसायला त्यांनी सेल्फचं तेलकट फडकं वापरलं.

रस्त्याच्या कडेला एका मैदानात उचलून आणलेल्या गाड्या लावलेल्या होत्या. गंजलेल्या, काचा फुटलेल्या, चाकं नसलेल्या. त्यांच्यात आमची मॅटाडोर निळे पडदे उडवत उभी. दार उघडं, शेगडी पेटलेली. टोइंगचे दोघे शंकररावांच्या बाकावर मांड्या घालून बशीतून चहा पीत होते आणि त्यांच्यापुढे चटणी-भाकरी होती. गयाबाई परातीच्या बेसिनमध्ये कप विसळत होत्या.

"या टीचर," त्या म्हणाल्या. "साखर जरा कमी पडलीय."

शंकरराव दारातच थबकले. गयाबाईच म्हणाल्या, "अहो, किती छान चालली! धूर नाय, धक्का नाय. शिवमंदिराची पाटी बघितली, नदी बघितली लांबून. हात बाहेर काढला तर वारा लागला."

टोइंगवाल्यांपैकी एक कानकोंडा होऊन म्हणाला, "काकी, ती चालत नव्हती. आम्ही ओढत होतो."

"माहीत हाय रे बाळा. म्होरं तुझं खटारं दिसत होतं मला." त्यांनी कप आकड्याला लावला. "पण मी मागं बसलेली. खिडकीतून बाहेर बघायचं सोडून म्होरं कोण ओढतंय ते कशाला बघू?"

शंकरराव पायरीवर बसले. मांडीवर सेल्फ. खाली मान घालून म्हणाले, "गया, मी हिला विकायला काढली होती. ट्रायलला गिऱ्हाईक येणार होतं आज. तुला सांगायला तोंड नव्हतं."

"ते बी माहीत हाय."

"तुम्हाला माहीत होतं?" हे मी विचारलं.

"टीचर, बोर्ड वाचता येतो मला. तुमचंच अक्षर, चांगलं ठसठशीत. पण म्हटलं, शब्द दोन्हीकडून लागतोय. मग मी माझ्या बाजूनं का लावू नये? घातला स्वेटर उन्हात."

आयुष्यभर मी अनेकार्थी शब्द शिकवले, पण उपयोग करणारी विद्यार्थिनी पहिल्यांदा भेटली. तेवढ्यात अवधूत आणि राजसी स्कूटरवरून शोधत तिथे पोचले. घामाघूम. अवधूतला काय झालं ते नीट कळलं नव्हतं. त्याने टोइंगवाल्यांकडे संशयाने बघत विचारलं, "काका, ह्यांना दिली का? आम्ही घेतोय ना! नक्की काढताय ना तुम्ही गाडी?"

शंकररावांनी गयाबाईंकडे बघितलं. गयाबाई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"आधी काढायची," त्या म्हणाल्या. "मग काढायची."

"काय बोलली काकी?" टोइंगवाल्याने मला विचारलं.

"आधी फिरवायची, मग विकायची," मी सांगितलं. मला मराठीचा असा अभिमान क्वचितच वाटला असेल. राजसीने अवधूतचा हात दाबला आणि म्हणाली, "काकू, आम्हाला बिलकुल घाई नाहीये."

चहाला जागून टोइंगवाल्यांनीच गाडी ओढत परत गल्लीत आणून सोडली. त्यानंतर शंकररावांनी जे केलं, ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. त्यांनी गाडीला दुसऱ्याचा हात लावू दिला. मुरलीशेठच्या ओळखीने उल्हासनगरचा कैलास मिस्त्री आला. तो बॉनेटखाली वाकला, की शंकरराव स्टूल उलटं करून भिंतीकडे तोंड करून बसायचे, शिक्षा केलेल्या मुलासारखे. कैलास विचारायचा, "काका, हा स्प्रिंग कशाचा?" भिंतीकडूनच उत्तर यायचं, "बॉलपेनचा." "आणि ही क्लिप?" "गयाच्या केसांची. थोडंसं काम होतं." कैलासने बॉलपेन, केसांच्या क्लिपा, एक सायकलचा ब्रेक आणि माझा हरवलेला चिमटा असं सगळं बाहेर काढलं आणि मग गाडी चालू झाली. आवाज ऐकून शंकरराव वळले. त्यांना आनंद झाला की दुःख झालं हे मला अजून सांगता येणार नाही. माझ्या मते दोन्ही झालं. आरटीओचं पासिंगही झालं.

एका सकाळी ते निघाले. अर्धी सोसायटी रिकामी झाली होती, उरलेले आम्ही खाली उभे. "जय भीम टीचर," शंकररावांनी खिडकीतून हात जोडले. किल्ली लावली आणि सवयीने म्हणाले, "गया, थोडंसं..." मागून गयाबाईंनी नुसतं खाकरलं. त्यांनी वाक्य गिळलं आणि किल्ली फिरवली. गाडी गेली. खाली गवत न उगवलेला एक लांबट चौकोन राहिला. मांजर येऊन त्यात बसली आणि वर माझ्या खिडकीकडे बघत राहिली. मला त्या दिवशी करमलं नाही. धुराशिवाय कपडे वाळत होते आणि ते बरं वाटत नव्हतं.

मग गयाबाईंचे फोन यायला लागले. नाशिकच्या पुढे रस्त्याकडेला पिठलं केलं. जळगावला पंप बिघडला, ह्यांनी हात लावला नाही, मी लावू दिला नाही. अकोल्याला टाकी गळाली, तरी झोप छान लागली, बाक बरोब्बर माझ्या मापाचं आहे. नंतर दोन दिवस फोनच नाही. मी देव मानते, गयाबाई मानत नाहीत. म्हणून दोघींच्या वतीने मीच काळजी केली.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"टीचर, नागपूरला हाय. दीक्षाभूमीवर. आई चालत आली होती ना, तिथं." त्यांचा आवाज जरा भरून आला होता. मग एकदम उजळला. "आणि टीचर, गाडी काढली!"

सवय जाते कुठे. मी विचारलं, "काढली म्हणजे? कुठल्या अर्थानं?"

"सगळ्या!" गयाबाई म्हणाल्या.

मागून अवधूत-राजसीचा आवाज येत होता. ती दोघं रेल्वेने नागपूरला आली होती. अवधूतचा मामा तिथे, त्याचं गॅरेज तिथे. इंजिनाने नागपूरच्या वेशीवर हात टेकले, तेव्हा शंकररावांनी स्वतः फोन करून अवधूतला सांगितलं, की काम थोडंसं नाही, बरंच आहे. हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला हे गयाबाईंनी मला दोनदा सांगितलं. आता गाडी दुरुस्त करून ती दोघं हंपीला नेणार होती. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेब गयाबाईंच्या बॅगेत होते. पडदे आणि कपांचे आकडे राजसीने मागून घेतले होते.

"मग आता तुम्ही?" मी विचारलं.

"आता काय, रेल्वे! ह्यांनी तिकिटं काढली गयेची. उद्या सकाळी उतरू." मग त्या म्हणाल्या, "आता रेल्वेनं गेलं तर चालतंय टीचर. गाडीतून निघाले होते मी."

मी बोर्डबद्दल विचारलं, तो परत आणा म्हटलं, नव्या बिल्डिंगमध्ये माझ्या दारावर लावायला. पत्ता सांगायला काहीतरी खूण हवीच.

"बोर्ड ह्यांच्यापाशी हाय," गयाबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "द्या म्हटलं तर देत नाहीत. म्हणतात, इथं एक जुनी जीप उभी हाय रस्त्यात. थोडंसं काम आहे."